सुरगाठ

माझ्याकडे बंदूक नाही.
थर्मास आहे, टॉर्च, हातमोज्यांचे दोन जादा जोड,
आणि गावातल्या एकशे सहा घरांपैकी
कुठला दिवा किती वाजता विझतो याची खबर.
रात्री अकरा ते पहाटे पाच मी चालते.
उणे अडतीसला बर्फ पायाखाली कुरकुरत नाही,
किंचाळतो.

डॉल्फसची मासे धुरवायची खोपी जळाली त्या रात्री
मी गावाच्या दुसऱ्या टोकाला होते,
एका पोरीला तिच्या मावशीकडे पोचवत.
हे मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते,
कुणी विचारलं नाही तरी.

पोलीस विमानानं दोन तासांवर.
न्यायालयही विमानानंच येतं, तीन महिन्यांतून एकदा:
न्यायाधीश, दोन वकील, कागदांचे खोके,
शाळेत बास्केटबॉलच्या कड्याखाली मांडलेलं टेबल.
जानेवारीत धुकं होतं.
विमानानं तळ्यावर दोन घिरट्या घातल्या
आणि आमचा न्याय तसाच परत गेला, यलोनाइफला, जेवायच्या वेळेला.
फेब्रुवारीत उतरला तेव्हा न्यायाधीशबाई म्हणाल्या,
पोरगा तुमचा, खोपी तुमची.
आधी तुम्ही बसा. मग मला कळवा.

बसलो. सतरा खुर्च्या, एक शेगडी,
पातेलंभर कॅरिबूचा रस्सा.
पोरगा लिरॉय. माझ्या भावाचा, इझिडोरचा.
इझिडोरला जाऊन सहा वर्षं झाली.
मी विचारलं, गस्तीवाली म्हणून बसू की आत्या म्हणून?
फिलोमेन म्हातारी म्हणाली,
दोन्ही हो. खुर्ची एकच घे.

हातातून हातात फिरत होती
जळक्या दाराची बिजागरी.
जिच्या हाती ती, तिनं बोलायचं.
मार्गरीट म्हणाली, चाळीस वर्षांत कडी लावली नव्हती,
आता लावते, मग उठून बघते लागली का.
मोडेस्ट म्हणाला, पाठवा तुरुंगात, आणि रस्सा न पिता बसला.
लिरॉयपाशी बिजागरी तीनदा आली,
तीनदा तशीच पुढे गेली.

डॉल्फसनं 'का केलंस' विचारलं नाही.
म्हणाला, कुत्री?

बराच वेळ शेगडीच बोलत होती.

आधी सोडली, लिरॉय म्हणाला.

म्हाताऱ्यानं खिशातून दोराचा तुकडा काढला.
दोन महिने जवळ बाळगलाय हा, म्हणाला.
कापलेला नाही, बघा.
परक्याला ही निरगाठ वाटते, तो सुरी काढतो.
शिकवलेल्या हाताला ती सुरगाठ.
मी एकालाच शिकवली होती.
त्यानं पुढे कुणाला शिकवली, ते मला आज कळलं.

सहा कुत्री. सहा गाठी.
हातमोजे घालून ती सुटत नाही.

डिसेंबरात लिरॉयच्या बोटांची सालं निघत होती.
आत्यानं मलम लावलं होतं.
गस्तीवालीनं विचारलं नव्हतं.
बिजागरी माझ्याकडे आली तेव्हा मी हेच बोलले,
आणि ती खाली ठेवताना माझे हात काळे झाले.

न्यायाधीशबाईंना आम्ही एक पान कळवलं:
खोपी दोघांनी मिळून बांधायची,
बर्फाखालचं जाळं आठवड्यातून दोनदा ओढायचं,
मार्गरीटचं सरपण.
माफ केलं, असं डॉल्फस म्हणाला नाही.
अजून म्हणत नाही.

एप्रिलात पोरगा दोन सकाळी गेलाच नाही.
तिसऱ्या सकाळी गस्त संपवून मी त्याचं दार ठोठावलं.
ऊठ. जाळं वाट बघत नाही, म्हातारा बघतो.
शिव्या देत उठला.

नवी खोपी डावीकडे कलली आहे.
धूर वरून कमी, फटीतूनच जास्त.
मार्गरीटची कडी काही रात्री लागते,
काही रात्री नाही.
मी दोन्ही वहीत लिहिते.
जाताना कुत्र्यांपाशी थांबून
हातमोजा काढते, दोर चाचपते.
बोटं बधिर व्हायच्या आत
एक गाठ सोडून पाहते, परत बांधते.
मला अजून नीट जमत नाही.